सातच तुकडे

कोयत्याच्या पाठीने आत्मारामांनी नारळावर तीन ठोके मारले आणि चौथ्याला तो बरोब्बर मधोमध फुटला. पाणी त्यांनी तांब्यात धरलं. मग खोबरं सोडवून केळीच्या पानावर घेतलं आणि त्याचे एकसारखे तुकडे करायला बसले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झाले होते, डोळ्यांवर काळा चष्मा होता, तरी हात चुकत नव्हता.

"जावईबापू, त्या नव्या पुस्तकाचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"दोन तारे दिले," कौस्तुभ म्हणाला. "तेही कागद चांगला होता म्हणून."

कौस्तुभला बोळिंजला दोन खोल्यांचा फ्लॅट होता, मुंबईत विमा कंपनीत नोकरी होती आणि एक खूळ होतं. हजार-हजार पानांच्या जादूच्या कादंबऱ्या तो वाचायचा आणि त्यांवर लांबलचक मतं लिहून फेसबुकवरच्या एका ग्रुपवर टाकायचा. तिथे चार हजार लोक ती वाचत. घरात मात्र त्याच्या मतांना कुत्रं विचारत नव्हतं. बायको विनिता पहिल्या वाक्यालाच उठून कुकर लावायची. नऊ वर्षांच्या दिपिकाला गोष्ट हवी असायची, मत नको. नऊ भागांची एक कादंबरी तो तिला दर रविवारी मराठीत सांगायचा. तिसरा भाग नुकताच संपला होता. शेवट सांग म्हणून ती रडून थकली, पण तो बधला नाही. शेवट आधी सांगणाऱ्याइतका पापी माणूस दुसरा नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

त्याचं ऐकून घेणारा माणूस एकच, वटारच्या वाडीतला त्याचा सासरा. आत्माराम या कादंबऱ्यांबद्दल असं विचारायचे की जणू खताच्या नव्या गोणीबद्दल विचारताहेत.

"दोनच? का बरं?"

"आठशे पानं लेखक बजावतो की वारा बोलावला की बोलावणाऱ्याचा आवाज जातो. आणि शेवटच्या प्रकरणात नायिका अख्खं वादळ बोलावते आणि वर गाणं म्हणत घरी येते! लेखकाला दया आली, आप्पा. दया आली की नियम मेला. मग जादू कसली, पोरखेळ नुसता."

"खरं हाय," आत्माराम म्हणाले. "आनि आकडा? त्याला काय आकडा नव्हता?"

"आकडा तर हवाच. किती वेळा, किती जणांसाठी. मर्यादा नसेल तर किंमत कशाची मागणार?"

"आमचा सात," म्हातारा म्हणाला आणि शेवटचा तुकडा त्याने पानावर ठेवला.

दोघं बावखलाच्या काठावर बसले होते. या पट्ट्यातल्या प्रत्येक वाडीला असं एक तळं असतं. त्याच्या पाण्यावर केळी आणि पानवेली जगतात. वैशाख अमावास्येला, पाणी तळाला गेलेलं असताना, बावखलाच्या राखणदाराला नारळ द्यायचा, ही या घरची रीत. घरातल्यांची नावं वाचायची, एकेका नावाला एकेका तुकड्यावर पाणी शिंपडायचं आणि ते तुकडे दिवेलागणीच्या आत ज्याचे त्याने खायचे; तान्ह्याच्या ओठांना लावला तरी चालतो. मग वर्ष सुखरूप जातं. पलीकडच्या काठावर क्लेमेंटची वाडी. एकही रविवार चर्च न चुकवणारा माणूस, पण या दिवशी तोही पंप चालू करत नसे. आजही तिकडे सगळं बंद होतं.

दरवर्षी नावं आत्माराम स्वतः वाचत. या वर्षी डोळ्यांपुढे अक्षर टिकत नव्हतं. मुलगा सिद्धेश होता, पण त्याला दोनच महिन्यांपूर्वी मुलगा झाला होता, आणि ज्याला मूल झालं त्या बापाने त्या वर्षी वाचायचं नाही, असं ठरलेलं. उरला जावई. कौस्तुभ आनंदाने तयार झाला होता. पुस्तकाबाहेरची जादू फुकटात बघायला मिळत असेल तर कोण सोडेल?

"एकदा सुरू केलं की मधे बोलायचं नाय," आत्मारामांनी बजावलं आणि त्याच्याकडे पाठ करून पाण्यात हात घातला.

कौस्तुभने वही उघडली. यादीत मधूनमधून नावं खोडलेली होती. कमळी आत्या, काळूराम काका, मोठ्या काकू. सगळी गेलेली माणसं, तेव्हा त्यात नवल नव्हतं. पण सगळ्यात वर 'आत्माराम' लिहिलं होतं आणि त्यावरून लाल पेन्सिलीची ताजी रेघ गेली होती.

त्याने त्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. ऑपरेशनपासून म्हातारा उदास होता, जेवणावरून अर्धवट उठायचा, हे विनिताने सांगितलं होतं. पण स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खोडावं? कौस्तुभला भरून आलं. वडील लवकर गेल्यावर या माणसानेच त्याला मुलासारखं जवळ केलं होतं.

"आत्माराम," त्याने मोठ्याने वाचलं.

ओला हात हवेतच थांबला. बोटांवरचं पाणी पहिल्या तुकड्यावर टपटपलं. म्हातारा वळला नाही. मधे बोलायचं नव्हतं.

"सरोजिनी. सिद्धेश. विनिता. कौस्तुभ. दिपिका. अश्लेषा." प्रत्येक नावाला हात पुढे सरकत गेला. शेवटी, सिद्धेशच्या तान्ह्याचं नाव. "चिराग."

हात पानावर चाचपडत राहिला. तिथे काहीच नव्हतं.

"काय केलंत हे, जावईबापू?"

"आप्पा, तुमचं नाव कसं सोडणार? खोडायला तुम्ही काय मेलात?"

"मेले म्हनून खोडत नाय. खोडलं, मग गेले." आत्मारामांनी चष्मा काढला. लाल झालेले डोळे पाण्याने भरले होते. "सातच हायत. नवं नाव आलं की जुन्यानं बाहेर व्हायचं. बघा वहीत."

कौस्तुभने पानं मागे उलटली. कमळी आत्यांवर रेघ पडली होती त्या वर्षी खाली पहिल्यांदा त्याचंच नाव आलं होतं. मोठ्या काकूंच्या रेघेखाली सिद्धेशची बायको अश्लेषा. आणि दिपिका आली त्या वर्षी काळूराम काका. हे बावखल एका दमात दहा वेळा पार करणारा माणूस. त्या श्रावणात इथेच, कमरेएवढ्या पाण्यात सापडला होता.

"म्हातारी माणसं होती, आप्पा. माणसं मरतातच." त्याचा आवाज त्यालाच पोकळ वाटला. "काकांना माहीत होतं?"

"पेन्सिल त्यानंच मागून घेतली माझ्याकडनं. नातीसाठी, म्हनाला."

क्लेमेंटच्या काठावरून एक बगळा उडाला. कौस्तुभला भीती वाटली. पुस्तकातली मौजेची भीती नव्हे, साधी भीती.

"मग आता तुमचा तुकडा चिरागला द्या. मिटलं."

"ज्याचं नाव घेतलं त्यानं खायलाच लागते. नायतर साती फुकट."

"काहीतरी पळवाट असेलच की! प्रत्येक नियमाला असते."

आत्माराम बराच वेळ पान गुंडाळत बसले. ते गुंडाळून झालेलं होतं तरी बसले.

"वाचनाऱ्याचा तुकडा तेवढा त्याच्या हातात असतो," ते खाली बघत म्हणाले. "खायचा की द्यायचा, ते त्याचं. मी नाय सांगनार तुमाला. तुमची पोर नऊ वर्षांची हाय."

घराच्या ओटीवर सगळे जमले होते. सासूबाई सरोजिनीबाईंनी हातावर हात ठेवून तुकडा घेतला. सिद्धेशने तोंडात टाकला आणि फोनकडे वळला. दिपिकाने कचाकचा चावून, गोड आहे म्हणून जाहीर केलं. विनिताने घेतला, अश्लेषाने घेतला. आत्मारामांनी आपला तुकडा कितीतरी वेळ तोंडात घोळवला आणि शेवटी औषधासारखा गिळला. अश्लेषाच्या मांडीवर चिराग मुठी आवळून झोपला होता.

कौस्तुभच्या तळहातावर तुकडा उरला. विश्वास नव्हताच. विश्वास नसेल तर खाऊन टाकायला काय हरकत होती? आणि विश्वास नसेल तर देऊन टाकायलाही काय हरकत होती? आवारातल्या सावल्या लांब झाल्या. तुळशीपाशी दिवा लावायला सरोजिनीबाई काडेपेटी शोधू लागल्या.

कौस्तुभने दिपिकाकडे पाहिलं. ती ओटीच्या कठड्यावर पाय हलवत बसली होती. मग तो वाकला आणि तुकडा त्याने चिरागच्या ओठांना लावला. झोपेतच पोराने ओठ चोखले.

"त्याच्या उशाशी ठेव," तो अश्लेषाला म्हणाला.

आत्माराम उठून आत गेले. जाताना त्यांचा हात दाराच्या चौकटीला दोनदा आपटला.

"तू नाही घेतलास?" विनिताने विचारलं.

"घेतला की," कौस्तुभ म्हणाला.

बोळिंजला परतताना गाडी विनिताने चालवली. कौस्तुभ मागे दिपिकाजवळ बसला. ग्रुपवर त्याच्या दोन ताऱ्यांवरून भांडण जुंपलं होतं. इतका कठोर का होतोस, नायिका वाचली तर तुझं काय बिघडलं, असं कुणी विचारत होतं. त्याने फोन बंद केला.

"बाबा, उद्या रविवार," दिपिका म्हणाली. "उद्या चौथा भाग सुरू करू या?"

"चौथा नको. शेवट सांगतो. आत्ताच."

तिने आ वासून त्याच्याकडे पाहिलं. "पण शेवट आधी सांगायचा नसतो ना? तूच म्हणतोस."

"म्हणायचो," तो म्हणाला, आणि तिला जवळ ओढून, नीट, एकही पान न गाळता, सांगू लागला.