कपडे बदलायच्या खोलीतला कॅमेरा

फितूर ती नवी पोरगी सोलहीच असणार, यात मला शंकाच नव्हती. बुसानमधल्या आमच्या सुपरमार्केटात बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत छुपा कॅमेरा सापडला आणि वरच्यांनी प्रकरण दाबलं, तेव्हा आम्ही काही जणींनी नावं लपवून इंटरनेटवर एक अकाउंट उघडलं. फोटो टाकायचे तेही मास्क आणि गॉगल लावून. बघता बघता गावोगावच्या बायका त्यावर आपापल्या दुकानांतलं लिहायला लागल्या.

आणि आज मॅनेजरनं माझ्यापुढे कागद सरकवला. आमच्या गुप्त ग्रुपमधल्या गप्पांचा स्क्रीनशॉट.

"अकाउंट तुम्हीच चालवता ना, मिरानबाई? आज बंद करा, नाहीतर उद्यापासून कामावर येऊ नका."

जेवणाच्या सुट्टीत मी तो कागद सोलहीच्या किमचीच्या डब्याशेजारी आपटला.

"नवीन आल्यापासून हिच्या चौकशा. ताई, पोस्ट कोण लिहितं, ताई, कुठून टाकता. आता कळलं कशासाठी ते. घरभेदी मेली."

आमच्यातल्या थोरल्या ओकसुनअक्का म्हणाल्या, "अगं, तिला बोलू तरी दे."

सोलहीचे डोळे भरून आले होते. तिनं कागद उचलून पाहिला.

"ताई, आपण लिहिलेलं आपल्याला कुठल्या बाजूला दिसतं?"

"शहाणपणा शिकवू नकोस. उजवीकडे, पिवळ्या चौकटीत."

"मग यात उजवीकडे कोणाचं लिहिलेलं आहे?"

माझं होतं. सगळंच्या सगळं माझं. म्हणजे स्क्रीनशॉट माझ्याच नावावरून काढलेला. फोन तर दिवसभर माझ्या ॲप्रनच्या खिशात असतो. मग आठवलं. मुलीच्या शाळेचा ग्रुप बघायला मीच घरच्या कॉम्प्युटरवर चॅट लावलं होतं. ते कायम उघडंच असतं.

घरी गेले तर हे निवांत नाशपाती सोलत बसलेले.

"सुबिनचे बाबा, मॅनेजरला तुम्ही दिलंत?"

सुरी थांबली. "लष्करात आम्ही एकाच तुकडीत होतो गं. म्हटलं, तो जरा दम देईल, तू ऐकशील. तुझ्या भल्यासाठीच केलं."

"आणि मला रोज सांगत होतात, बायकांचा भरवसा धरू नकोस, कुणीतरी फुटणारच."

"ते काळजीपोटी."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या पोरीला मी चारचौघींत घरभेदी म्हटलं होतं, आणि घरभेदी माझ्याच घरात फळं सोलत होता.

मी त्याच कॉम्प्युटरवर बसले. ग्रुपवर सोलहीची माफी मागितली. मग अकाउंटवर पहिल्यांदाच स्वतःच्या नावानिशी लिहिलं, मॅनेजरच्या धमकीसकट. उद्या नोकरी गेली तर गेली.

शेवटी चॅटचा पासवर्ड बदलायला घेतला. हे बशी घेऊन माझ्या मागे येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी एक हात आडवा धरला आणि दुसऱ्या हातानं टाइप केलं.