खालचा आकडा

"पट्टे नीट आवळलेस ना? गाडी सुटली तर भिंत फोडून बाहेर जाईल," काटेदादा म्हणाले.

"तुम्हीच बघा. हल्ली माझ्यावर कोण भरवसा ठेवतंय?" त्यांचा साडू फणकाऱ्यानं बाजूला झाला.

काटेदादांचं काम गाड्यांची ताकद मोजण्याचं. गाडी रोलरवर चढवायची, जागच्या जागी पळवायची आणि अश्वशक्तीचा आकडा कागदावर उतरवायचा, यात पंचवीस वर्षं गेली होती. डोंगरातल्या त्या गावात त्यांचा कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

आज रोलरवर रुग्णवाहिका होती. तीन आठवड्यांपूर्वी साडू तिच्यातून एका बाळंतिणीला घेऊन घाट चढत होता. शेवटच्या चढावर गाडीनं मान टाकली आणि बाई वाटेतच गेली. चौकशीत काटेदादांचा जुना अहवाल वाचला गेला: ताकद अठ्ठ्याहत्तर, इंजिन ठणठणीत. मग चूक चालवणाऱ्याचीच. साडूची नोकरी गेल्यातच जमा होती. फेरतपासणी निव्वळ उपचार. काटेदादाही जेवताना बायकोला म्हणाले होते, "तुझ्या बहिणीच्या नवऱ्यानं गिअर चुकवला असणार." तेव्हापासून बायको त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

इंजिन गरजलं, शांत झालं. पडद्यावर दोन आकडे उमटले. वर एकसष्ट, खाली अठ्ठ्याहत्तर.

"दोन कसे?" साडूनं विचारलं.

"एकसष्ट म्हणजे इथं, या विरळ हवेत, चाकांना खरोखर मिळाली ती ताकद. अठ्ठ्याहत्तर म्हणजे हीच गाडी खाली सपाटीवर असती तर किती मिळाली असती, त्याचा यंत्रानं केलेला हिशेब. आम्ही तोच लिहितो. सगळीकडे तसंच लिहितात, गाड्यांची तुलना करता यावी म्हणून."

"पण दादा, मी घाट इथला चढत होतो ना?"

काटेदादांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. गाडी सपाटीची जुळणी घेऊनच वर आली होती. डोंगरासाठी इंजिनाची जुळणी वेगळी करतात, गिअरही वेगळे बसवतात. ती आल्यावर झालेल्या पहिल्या तपासणीत एकसष्ट लिहिलं असतं तर गाडी त्याच दिवशी परत गेली असती. पण सवयीच्या हातानं खालचा आकडा उतरवला होता. वरच्या आकड्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी कोरा अहवाल पुढे ओढला. मागे उभे असलेले कार्यशाळेचे साहेब खाकरले. "नेहमीसारखंच लिहा. साडूसाठी आकडा पाडला म्हणतील. तुमचीही नोकरी जाईल."

"जाऊ दे, साहेब." काटेदादांनी ठसठशीत अक्षरात एकसष्ट लिहिलं. खाली लिहिलं: आधीच्या अहवालात सपाटीचा आकडा दिला, चूक माझी. आणि सही ठोकली.

साहेब पाय आपटत निघून गेले. काटेदादा साडूकडे वळले. "आता तुझ्यावरचं बालंट गेलं बघ."

साडूच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "दादा, खालच्या वळणावर ती बाई विचारत होती, पोचू ना आपण? तिथून दुसरी गाडी मागवता आली असती. पण तुमचा कागद समोर काचेवर चिकटवलेला. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तरची गाडी आहे ताई, आरामात पोचू."

साडूनं मागचं दार उघडलं, आत चढून रिकाम्या खाटेवरची चादर ओढून सारखी केली आणि तिच्या पायथ्याशी बसून राहिला.