नदीवरची लाल रेघ

मी पूर्व ठाण्याच्या भिंतीवरचा तक्ता बोलतोय.

एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने तीन आठवडे खपून मला रंगवलं. सगळ्यात वर पोलीसप्रमुख, त्यांच्याखाली उपप्रमुख, मग गुन्हे शाखा, वाहतूक, बंदर. तळाशी शहराचा नकाशा. नदीच्या अलीकडे निळं पूर्व ठाणं, पलीकडे हिरवं पश्चिम ठाणं, आणि नदीच्या मधोमध लाल रेघ. मला माझ्या नेटकेपणाचा भारी गर्व होता.

जानेवारीतल्या एका दुपारी गुनवोरबाई आल्या. थंडी मी म्हणत होती. त्यांचे पती एगिल हल्ली फार विसरायचे.

"सकाळी पाव आणायला गेले ते आलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "अंगात नुसता स्वेटर आहे हो."

"शेवटचं कुणी पाहिलं?" हवालदार ट्रिग्वेने विचारलं.

"पलीकडच्या मासळीबाजारात एकीने पाहिलं."

ट्रिग्वेने माझ्यावर बोट टेकवलं. "बाजार हिरव्यात येतो, बाई. माणूस शेवटचा दिसला तिथलं ठाणं शोध घेतं. आम्ही तिकडे गेलो तर वरून बोलणी आम्हालाच बसतात."

बाई ट्रामने मोठ्या पुलावरून पश्चिमेला गेल्या. तिथे त्यांना सांगितलं, घर जिथे तिथलं ठाणं. तासाभराने त्या परत आल्या, ओठ निळे पडलेले. ट्रिग्वेने पश्चिमेला फोन लावला.

"म्हातारा तुमचा, आणि पाय आमचे झिजवायचे होय रे?" पलीकडचा हसून म्हणाला. हसू बाईंपर्यंत ऐकू आलं. शेवटी ठरलं की उपप्रमुखांची चिठ्ठी हवी. पण त्यांची कचेरी बंद झाली होती.

सकाळी एगिल सापडले. छोट्या पायपुलावर, अगदी मध्यावरच्या बाकावर. मांडीवर पाव होता, अंगात जीव नव्हता. दोन्ही ठाण्यांपासून चालत पाच मिनिटांची वाट. तिथेही दोन्हीकडचे हवालदार टेप घेऊन आले आणि बाक कुणाच्या हद्दीत ते मोजत बसले. हे ऐकलं तेव्हा मला माझ्या रंगांची शिसारी आली.

आठवड्याने बाई एगिलचा स्वेटर न्यायला आल्या. ट्रिग्वे मान खाली घालून कागद पुढे करत होता. बाईंनी सही केली.

"ट्रिग्वे, तू शाळेत असताना नदीवर एकही पूल नव्हता," त्या शांतपणे म्हणाल्या. "एगिलच्या होडीतून जायचास ना रे? एकदा पाण्यात पडलास तेव्हा तूही मधोमधच होतास. त्यांनी नाही विचारलं, कुठल्या काठाचा म्हणून."

त्या गेल्यावर ट्रिग्वेने मला खिळ्यावरून उतरवलं.

आता मी तळघरात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. वर नवा तक्ता आलाय म्हणतात, माझ्याहून सुबक. तो टांगणाऱ्यांनो, एवढं ऐका. त्याला दारापासून लांब टांगा. आत आलेल्या माणसाचं तोंड आधी दिसू द्या.