व्हिटबीचं वाण

चैतालीला इंग्लंडबद्दल इतकं माहीत होतं, इतकं माहीत होतं, की ऐकणाऱ्याला वाटावं ही बाई तिथे चार वर्षं तरी संसार करून आलीय! ब्लॅकपूलचा टॉवर कुठून बघावा, मार्गेटच्या वाळूवर पोरं गाढवांवर बसून कशी फेऱ्या मारायची, स्कारबरोचं ते जुनं हॉटेल टेकडीवर कसं ऐटीत बसलंय, सगळं पाठ. आणि प्रत्यक्षात? पुण्याहून विमानात बसली ती थेट सिंगापूरला उतरली, लग्नानंतर, प्रबोधच्या मागोमाग. दोघं आंग मो किओ भागात राहायची आणि प्रबोध तिथल्याच एका कंपनीत सॉफ्टवेअर करायचा. हिला कामाचा पास नव्हता, त्यामुळे दिवसभर फ्लॅटमध्ये ही आणि पंखा, दोघंच.

आणि मग एका रविवारी सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात, बंद घड्याळांच्या नि मोडक्या रेडिओंच्या ढिगात तिला एक कार्ड सापडलं. बोर्नमथचा समुद्रकिनारा, हातानं रंगवल्यासारखा. मागे निळ्या शाईत कुणा एडिथनं सिंगापूरला असलेल्या भावाला लिहिलेलं, की हवा छान आहे, चालून चालून पाय दुखतायत, तू हवा होतास. झालं! लागलं वेड.

"अरे, साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका बाईचे पाय दुखले आणि ते मला आज कळलं!"

"माझे रोज दुखतात," प्रबोध म्हणाला, "ते कळतं का कुणाला?"

तर या वेडात तिला साथ मिळाली ती शामकांत काकांची. काका समोरच्याच ब्लॉकमध्ये, म्हणजे इमारतीत, राहायचे. उभा जन्म बोटीवर, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. बोट इंग्लंडच्या कुठल्याही बंदराला लागली की बाकीचे उतरून काय काय करायचे, आणि काका धूळ भरलेल्या दुकानांत शिरून जुनी कार्डं शोधायचे. ती सगळी बटर बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात. आणि त्या डब्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती! सुमित्रा काकू, म्हणजे त्यांची बायको, कपाट पुसायच्या तेव्हासुद्धा डब्याच्या चहूबाजूंनी पुसायच्या.

पण चैतालीला मात्र काका दाखवायचे. "आधी हात धुऊन ये. साबणानं." मग एकेक कार्ड बाहेर. ती आपलं एडिथचं कार्ड आणायची, ते हल बंदरातल्या गोदीचं काढायचे, आणि दोघं अशी बोलायची की जणू शेजारच्या आळीच्याच गप्पा. सगळ्यात शेवटी यायचं व्हिटबी. डोंगरावर मोडका मठ, खाली बंदर, आणि मधे चढत गेलेल्या पायऱ्याच पायऱ्या.

"मशीन बिघडून आमची बोट मिडल्सबरोला अडकली होती," काका सांगायचे. दर वेळी सांगायचे. "बसनं गेलो. वळणावरून बंदर दिसलं आणि बघतच राहिलो. हुबेहूब आमचं हर्णै गं! आणि हे बघ, मागची बाजू. कोरी! इतक्या वर्षांत कुणाचं पेन लागलेलं नाही. असं कार्ड मिळत नाही."

आता ऐका. सव्वीस जानेवारीला तिथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता, त्यात सभासदांच्या छंदांचं एक दालन मांडायचं ठरलं. चैतालीनं काकांच्या मागे नुसता धोशा लावला. काका नाही, नाही, नाही म्हणत होते आणि एक दिवस अचानक डबा तिच्या हातात दिला. तिचं अक्षर चांगलं, तिनं बोर्डावर मांडायचं, खाली गावांची नावं लिहायची. 'जप' वगैरे एक अक्षर बोलले नाहीत. फक्त लिफ्टपर्यंत सोबत आले आणि दार बंद होईस्तोवर डब्याकडे बघत उभे राहिले.

आणि मधे आली संक्रांत!

चैतालीचं पहिलं हळदी-कुंकू. आख्ख्या सिंगापुरात ओळखीच्या होत्या त्या सगळ्या मराठी बायका येणार, म्हणजे हिची तर परीक्षाच. काळी साडी, तिळगूळ, अत्तर, सगळं जय्यत. नवऱ्यांना खाली कॉफी शॉपमध्ये पिटाळलेलं. वाणाला तिच्या आईनं पुण्याहून टिकल्यांची छान पाकिटं पाठवली होती, ती तिनं ठेवली होती डब्यात. कुठल्या डब्यात? अहो, सिंगापुरात कुणाच्याही घरी असतो त्याच! बटर बिस्किटांच्या निळ्या!

दाराशी बायकांची ही गर्दी. ही कुंकू लावतेय, तिळगूळ देतेय, आणि मागे त्याच मजल्यावरची तिची मैत्रीण जाई मदतीला.

"जाई, वाण दे गं, आतल्या खोलीत निळा डबा आहे बघ."

जाई आत गेली. पलंगावर निळा डबा. उघडला तर आत सुंदर सुंदर कार्डं, एकेक पारदर्शक कागदात घातलेलं. आता तुम्हीच सांगा, उठता-बसता जी मुलगी कार्डांबद्दल बोलते तिचं वाण दुसरं काय असणार? जाईला किंचितही शंका आली नाही. उलट कौतुकानं तिनं प्रत्येक कार्डाला हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट लावलं, वाणाला लावतात तसं, आणि दिलं एकेकीच्या हातात. कपाटावर दुसरा निळा डबा होता तो तसाच राहिला.

सगळ्या गेल्यावर चैताली पाय पसरून बसली आणि म्हणाली, "टिकल्या आवडल्या का गं सगळ्यांना?"

"कसल्या टिकल्या?" जाई म्हणाली.

पुढचं काय सांगू! चैताली उठली, आत गेली, रिकामा डबा घेऊन बाहेर आली. जाई रडायलाच लागली. प्रबोध वर आला तर दोघी जमिनीवर बसलेल्या, मधे डबा.

"मागून घे ना परत," तो म्हणाला. "चूक झाली म्हणावं."

"वाण परत मागू?" चैताली किंचाळली. "अरे, सवाष्णीला हळद-कुंकू लावून दिलेलं वाण कुणी परत मागतं का? आई ऐकेल तर चक्कर येऊन पडेल! या बायका मला परत दारात उभं करतील?"

"मग काकांना काय सांगणार?"

हाच तर प्रश्न होता! मागितलं तर या बायका गेल्या, न मागितलं तर काका गेले. आणि त्या परक्या गावात हिला होतं कोण दुसरं?

तरी दुसऱ्या दिवशी धीर करून ती बुकित तिमाहला नीताच्या कॉन्डोवर गेली. नीता म्हणजे मोठं घर, मोठा आवाज आणि खरंच मोठं मन. दार उघडताच तिनं चैतालीला फ्रिजसमोर नेऊन उभं केलं. फ्रिजवर मधोमध ब्लॅकपूल!

"काय वेगळं वाण लुटलंस गं! आम्ही बायका आपल्या प्लॅस्टिकच्या डब्या वाटतोय वर्षानुवर्षं. मी आईला फोन करून सांगितलं, आमच्यात एक मुलगी आलीय नवी, फार कल्पक आहे."

चैतालीनं नुसताच हात पुढे केला तर नीताची छोटी मुलगी मधे आली. "डोन्ट टच लाह, आंटी! मम्मी विल स्कोल्ड!"

कसाबसा चहा पिऊन चैताली बाहेर पडली. मागायचं म्हणून गेली होती आणि कौतुक घेऊन परत! परतताना एमआरटीच्या गाडीत बसल्या बसल्या तिनं ठरवलं, आता सरळ काकांच्या पायावर डोकं ठेवायचं. जे होईल ते होईल.

दार सुमित्रा काकूंनी उघडलं. काका खाली भाजी आणायला गेलेले. चैताली आत आली आणि बघते तर काय! देव्हाऱ्याजवळ, समईला टेकून, व्हिटबी! पायऱ्यांच्या बाजूला हळदीचं पिवळंधमक बोट.

"काकू! म्हणजे तुम्हाला... अहो, तुम्ही तर लगेच ओळखलं असेल!"

"जाईनं हातात ठेवलं तेव्हाच."

"मग तिथेच का नाही बोललात? मी सगळ्यांची गोळा केली असती!"

काकू शांतपणे शेंगा सोलत बसल्या होत्या. "बोलणार होते," त्या म्हणाल्या. "पण हातात आल्यावर सोडवेना गं. इतकी वर्षं हा माणूस इंग्लंडला जायचा. येताना कार्डं आणायचा. कोण कुठला बर्टी, कोण त्याची बहीण, त्यांचे पाय दुखले, त्यांना सर्दी झाली, सगळं मला वाचून दाखवतो. आणि मी इथे पोरं घेऊन एकटी, तर मला एक ओळ? कधी नाही. एजंटाकडून तार यायची, बोट उशिरा येणार. बस्स. म्हटलं, त्या डब्यातलं एक तरी माझ्या नावानं आलं. भले तुझ्या हातून का असेना."

आणि तेवढ्यात कुलूप वाजलं! काका पिशवी घेऊन आत.

"अरे वा, चैताली! बोर्ड झाले?"

तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. डबा, जाई, टिकल्या, नीताचा फ्रिज, सगळं. काका उभेच. पिशवीतून एक वांगं घरंगळून सोफ्याखाली गेलं, तरी त्यांचं लक्ष नाही.

"बोटं लावली?" त्यांनी विचारलं. "हळदीची?"

"वरच्या कागदाला, काका. बहुतेकांना कागद होते..."

"व्हिटबीला नव्हता. डबा द्यायच्या आधीच काढला होता, नवा घालायला." ते खुर्चीत बसले. "व्हिटबी कुणाकडे गेलं?"

"माझ्याकडे," काकू म्हणाल्या.

काकांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा जीव असा काही भांड्यात पडला म्हणता! "सुटलो! आण इकडे."

"का म्हणून?"

"का म्हणजे? माझं आहे ते!"

"वाण आहे माझं. दिलेलं वाण परत घेतात का? विचारा तुमच्या बहिणीला."

"सुमित्रा, थट्टा पुरे."

"थट्टा नाही." काकूंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "आणि कुणाकडूनच परत घ्यायचं नाही. चैताली, तू सगळ्यांना फोन कर, म्हणावं वाण तुमचंच, फक्त सव्वीसला मांडायला घेऊन या. आपापल्या कार्डापाशी उभ्या राहा. खाली गावाचं नाव, आणि 'सौजन्य' म्हणून त्यांचं. कोण नाही म्हणेल? नटूनथटून येतील!"

चैतालीला वाटलं काकूंना मिठीच मारावी. पण काका? काका खिडकीबाहेर बघत होते. राग होता का काय होतं, कळेना.

"आणि व्हिटबी?" ते म्हणाले.

"ते मी देईन. पण मला ते टपालानं परत हवंय. लिहून. तुमच्या अक्षरात."

"त्याच्यावर लिहू? अगं, कोरं आहे ते! आख्ख्या डब्यात एवढं एकच..."

"माहितीय मला," काकू म्हणाल्या. "म्हणून तर."

चैतालीनं सोफ्याखालचं वांगं काढून टेबलावर ठेवलं आणि हळूच सटकली.

सव्वीस जानेवारीला काय सांगू, छंदांच्या दालनात जत्रा! नाण्यांचे, तिकिटांचे बोर्ड बिचारे एकटे पडले. इकडे प्रत्येक कार्डाशेजारी एकेक बाई पैठणीत उभी. जाई आपल्या स्कारबरोपाशी उभी राहून येईल त्याला ते हॉटेल दाखवतेय. नीतानं तर ब्लॅकपूलची अशी काही माहिती द्यायला घेतली की काका धावत गेले. "अहो, तो टॉवर चर्चचा नाही!" मग तिथून पुढच्या बाईकडे, तिथून पुढच्या. जन्मभर जी कार्डं ते कपाटात बसून एकटे बघत आले, त्यांच्याबद्दल विचारायला आता रांग लागलेली. घसा बसला त्यांचा! नीताच्या मुलीनं विचारलं, "अंकल, व्हाय गॉट यलो फिंगर?" तर काका म्हणाले, "दॅट इज अवर पोस्टमार्क." चैतालीनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तेव्हा कुठे तिच्या छातीवरचा दगड उतरला.

फक्त बोर्डाच्या मधोमध एक जागा रिकामी होती. काका सकाळीच हात हलवत आले होते आणि कुणाला काही बोलले नव्हते. चैतालीनं विचारलं, "काका, इथे काय लिहू?" तर त्यांनीच तिच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या रिकाम्या जागेखाली लिहिलं, 'व्हिटबी. सध्या टपालात आहे.' काकूंनी ते लांबून वाचलं आणि उगाचच पदर नीट करत बसल्या.

दोन दिवसांनी चैताली डबा परत करायला निघाली. बायकांनी कार्डं नेली होती, काकांनीच नेऊ दिली होती, डब्यात उरलीसुरली चारदोन. समोरच्या ब्लॉकखाली टपालपेट्यांपाशी काकू उभ्या. हातात कार्ड. सिंगापूरचं तिकीट, आंग मो किओचाच शिक्का, आणि आंग मो किओचाच पत्ता.

"चष्मा वर राहिला," काकू म्हणाल्या. "वाच गं."

इंजिनिअरचं ते सरळसोट अक्षर. इतकं दाबून लिहिलेलं की पुढच्या बाजूला समुद्रात ओळी उठलेल्या. चैतालीनं वाचलं.

"सौ. सुमित्रास. हवा चांगली आहे. या पायऱ्या मी चढलो. वरून हर्णैसारखंच दिसतं. तू असतीस तर अर्ध्यातच दमली असतीस, आणि मग मीही अर्ध्यातच बसलो असतो. कळवायला उशीर झाला. शामकांत."

काकूंनी कार्ड तिच्या हातातून घेतलं, उलटून पायऱ्या बघितल्या, परत सुलटं केलं.

"दमली असतीस म्हणे!" त्या म्हणाल्या. "यांना विचार, रोज चौथ्या मजल्यापर्यंत कोण धापा टाकतं ते!" आणि लिफ्ट समोर उघडी उभी असताना तिच्याकडे ढुंकूनही न बघता काकू कार्ड छातीशी धरून तरातरा जिना चढून गेल्या.