गुत्त्यातल्या टेबलाखालचा रंधा

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. लाकडाचा खडबडीतपणा तासून ते गुळगुळीत करायचं, हे माझं काम. सुताराच्या पेटीतली वस्तू आपली कहाणी सांगते तेव्हा ती गोड बोलते, असा रिवाज आहे म्हणे. मला ते जमणार नाही. मला राग आला आहे. सांगता सांगता माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या. नाही घेतलात तरी चालेल.

एका मोडक्या पलंगाच्या शिसवी खुरातून माझा जन्म झाला. माझ्या मालकाच्या मामानं तो खूर कापला, कोरला, पोटात खाच पाडून पोलादी पातं बसवलं आणि ते हलू नये म्हणून पाचर ठोकली. मामा सुतार होता. बहीण आणि मेहुणा वारल्यावर त्यांची दोन्ही पोरं त्यानंच वाढवली. थोरली भाची, तिला सगळे ताई म्हणायचे. धाकटा भाचा मामाच्या हाताखाली तयार झाला. काटकोन तपासायला सुतार जे साधन लावतात, त्याला गुण्या म्हणतात. या पोराचे कोपरे इतके चोख बसायचे, की लोक म्हणायचे, "याला गुण्या कशाला हवा? हाच गुण्या!" तेच नाव पडलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहून गेलं.

मामानं मला त्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "वारसा म्हणून द्यायला माझ्याकडे जमीन नाही, जुमला नाही. हे आहे. नीट वापर."

गुण्यानं मला नीट वापरलं. ते दिवस आठवले की अजूनही पात्याला झिणझिण्या येतात. आम्ही खिडक्या केल्या, कपाटं केली, शाळेची बाकं केली. त्याच्या हाताखाली मी सरकू लागलो की लाकडाच्या पातळ सुरळ्या निघायच्या, आणि येणारेजाणारे उगाचच थांबून बघत राहायचे. त्याचं लग्न झालं. मुलगी झाली. तिच्यासाठी पाळणा केला, तेव्हा बाळाला लाकडाची कूस बोचू नये म्हणून त्यानं मला इतक्या वेळा फिरवलं, की बायको म्हणाली, "आता थांबा, नाहीतर पाळणा संपेल." ती विनोदी होती. नवऱ्याच्या खिशातून पैसे कमी आणि भुसा जास्त निघतो, असं सगळ्या शेजारणींना सांगायची.

दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. पुढचं दार कुजलं होतं. गुण्यानं एका सुट्टीत नवं दार केलं. ते लागताना आवाज करायचं नाही. शेजारची माणसं मुद्दाम उघडून, लावून बघायची आणि मान डोलवायची.

मग मुकादम आला. मोठ्या इमारतीचं काम होतं. दिवसभर वाकून गुण्याची पाठ धरायची. संध्याकाळी मुकादम पेला पुढे करायचा. "घे रे. अंगदुखी पळते."

अंगदुखी पळाली. मागोमाग झोप पळाली, भूक पळाली आणि शेवटी कामही पळालं. त्याचे हात कापू लागले. कापत्या हाताखाली रंधा सरळ जात नाही. मी लाकडात रुतायचो, खड्डे पाडायचो. एक दिवस मुकादमानं एक फळी उचलून चारचौघांत दाखवली. "हा बघा तुमचा गुण्या! हे काम आहे की उंदरांनी कुरतडलंय?" सगळे हसले. त्या हसणाऱ्यांतले निम्मे आदल्या संध्याकाळी त्याच्याच मांडीला मांडी लावून प्यायले होते. ज्या हातानं पेला दिला, त्याच हातानं मुकादमानं त्याला फाटक दाखवलं. मित्रांनो, त्या मुकादमाला कुणी कधी काही विचारलं नाही. तो आजही कुठेतरी पेला पुढे करत असेल.

गुण्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचा, "आजपासून बंद." मोठी माणसं तुम्हाला सांगतील की दारुड्याची शपथ खोटी असते. मी त्या हातात होतो, म्हणून मला ठाऊक आहे. शपथ खरी असायची. सकाळी त्याला खरंच सोडायची असायची. ऊन कलू लागलं की अंगाला कापरं सुटायचं, घाम फुटायचा, पोटात आग पडायची, आणि सकाळचा तो माणूस कुठल्या कुठे जायचा. दुसऱ्या दिवशी तो परत यायचा, मान खाली घालून. त्याची मला कीव यायची. त्याहून जास्त संताप यायचा. मला पाय असते तर मी त्याच्या पायावर उडी मारली असती.

एके दुपारी बायको कामावर, मुलगी शाळेत. गुण्यानं पेटी उघडली, पेचकस काढला, पुढच्या दाराच्या बिजागऱ्या सोडवल्या आणि दार पाठीवर घेऊन तो निघून गेला.

बायको संध्याकाळी आली. उंबऱ्यात उभी राहिली. "दार कुठंय?"

"नवं करतो. याच्यापेक्षा चांगलं."

"मी विचारलं, दार कुठंय?"

तो भिंतीकडे बघत बसला. तोंडाचा वास खोलीभर सुटला होता. तिनं चौकटीवर चादर ठोकली. हातोडी तिनं स्वतः घेतली, त्याला हात लावू दिला नाही. सकाळी मुलीचे कपडे एका पिशवीत भरले आणि म्हणाली, "पिणाऱ्या माणसाबरोबर राहिले मी इतकी वर्षं. पण वयात येणारी पोर घेऊन बिनदाराच्या घरात नाही राहणार." मुलीनं वळून बघितलं. गुण्यानं बघितलं नाही.

घरमालकानं पुढे काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच. सामान रस्त्यावर आलं आणि गुण्याही. तो ताईकडे गेला. ताई एका इस्पितळात आया होती. तिनं त्याला जेवायला घातलं, ओसरीवर अंथरूण घातलं. तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिच्या कानातलं गेलं. ताईनं आरडाओरडा केला नाही. "तू माझा कोणी नाहीस," एवढंच म्हणून तिनं दार लावलं.

मग बंद दुकानांच्या पायऱ्या, पुलाखालची जागा, बसथांब्याचं बाकडं. त्याला सोबत होती एका रंगाऱ्याची. हा रंगारी एके काळी दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अक्षर सुंदर होतं म्हणे. आता दोघं मिळून एका खोक्याचा पुठ्ठा अंथरायचे. रंगारी म्हणायचा, "सुतारा, आपल्याला एक घर बांध. पाटी मी रंगवतो." आणि दोघं हसायचे.

पेटीतली हत्यारं एकेक करून गेली. करवत गेली, पटाश्या गेल्या, गिरमिट गेलं. मी मात्र राहिलो. मला वाटलं, मामाची आठवण आहे, मला तो विकणार नाही. किती भोळा होतो मी! एका संध्याकाळी त्यानं मला गुत्त्यात नेलं आणि गुत्तेवाल्यापुढे ठेवलं. गुत्तेवाल्यानं मला उलटंपालटं केलं. "काय करू मी याचं?" तेवढ्यात कोपऱ्यातलं टेबल डगमगलं. तो खूश झाला. त्यानं मला आखूड पायाखाली सारलं. टेबल स्थिर झालं. गुण्याला एक बाटली मिळाली. त्याच टेबलावर बसून त्यानं ती संपवली. माझ्या पाठीवर.

किती काळ मी तिथे होतो, ते मोजलं नाही. पाठीवर टेबलाचं ओझं, पोटाखाली ओली फरशी. पातं गंजलं. मी तिथून फक्त पाय बघायचो. फाटक्या चपलांचे पाय होते, अनवाणी होते, आणि चकचकीत बुटांचेही होते. ते मागच्या दारानं यायचे. आवाजावरून मी त्यांना ओळखलं. हेच बूटवाले दिवसा गुण्याला रस्त्यात बघून म्हणायचे, "हातपाय धड आहेत, कामधंदा का करत नाही?" संध्याकाळी त्यांचेच हातपाय धड नसायचे. पण त्यांना नोकर गाडीत घालून घरी न्यायचे. त्यांना घर होतं ना! पडलेल्या माणसाला दारुडा म्हणायचं की साहेब, हे तो कुठे पडला यावरून ठरतं. हे मला टेबलाखाली कळलं.

एका थंड सकाळी, हे मला गुण्यानं नंतर सांगितलं, रंगारी उठला नाही. शटरच्या पायरीवर तो आडवा होता, आणि दुकान उघडायला आलेली माणसं, भाजी घ्यायला निघालेली माणसं, शाळेत पोरं सोडायला निघालेली माणसं त्याला ओलांडून जात होती. गुण्या ओरडत होता, "अरे, तो मेलाय! मेलाय तो!" लोकांना वाटलं, हा प्यायलाय. तो प्यायलेला नव्हताच, त्याच्याकडे पैसे नव्हते. दुपारी गाडी आली आणि रंगाऱ्याला घेऊन गेली.

त्या दिवशी गुण्यानं दारू सोडली. एकट्यानं, पुलाखाली बसून. कुणीही असं करू नका. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं शरीर असं एकदम सोडल्यावर उलटतं. दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले. कुणीतरी त्याला इस्पितळात टाकलं, आणि नेमकं ताईच्या वॉर्डात. ताई चादर बदलायला आली, तर खाटेवर भाऊ, हात बांधलेले, तोंडाला फेस. हेही त्यानंच मला सांगितलं. ताईनं ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसलं आणि पुढच्या खाटेकडे गेली. पण सुट्टी झाल्यावर ती घरी न जाता परत आली.

इस्पितळातून सुटला तर जायचं कुठे? ताईच्या घरात सासू होती, ती म्हणाली, "तो आला तर मी जाते." बेघरांचा निवारा होता, तिथे तोंडाला वास आला तर आत घेत नसत. काम मागायला गेला तर पहिला प्रश्न, "राहतोस कुठे?" घर नाही म्हणून काम नाही. काम नाही म्हणून घर नाही. दोन्ही नाही म्हणून थंडीत बाटली. आणि बाटली आहे म्हणून निवाऱ्याचं दार बंद. हा फास ज्यांनी विणला, तीच माणसं विचारतात, "हा बाहेर का पडत नाही?" विचारताना त्यांना लाज वाटत नाही.

तरी तो टिकला. ताई रोज कामावर जाताना निवाऱ्यावरून जायची, त्याचं तोंड हुंगायची आणि डबा द्यायची. एका सुतारखान्याच्या मालकानं, वयस्क माणूस होता, त्याला सांगितलं, "हत्यार घेऊन ये, बघू."

हत्यार म्हणजे मी. गुण्या गुत्त्यात आला. त्याचे पाय मी लगेच ओळखले. "माझा रंधा दे," तो म्हणाला.

गुत्तेवाला हसला. "देतो की! आधी बस. किती दिवसांनी आलास! एक घे, मग बोलू."

मी टेबलाखालून ओरडत होतो. रंध्याचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? त्यानं एक घेतली. मग बोलणं झालंच नाही. तो गेला, मी तिथेच.

दुसऱ्या दिवशी ताईनं त्याचं तोंड हुंगलं. डबा खाली ठेवला. "कुठे प्यायलास? चल, दाखव." आयाच्या गणवेशात ती गुत्त्यात शिरली. मागे गुण्या, मान खाली. कशासाठी आला होता, ते त्यानं तिला वाटेत सांगितलं होतं. टेबलावर चार जण बसले होते, पेले भरलेले. तिनं वाकून मला बघितलं. मामाच्या घरात तिनंही मला हाताळलं होतं. ती म्हणाली, "उठा." कुणी उठेना. तेव्हा तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि टेबल उचललं. पेले घरंगळले, बाटल्या फुटल्या, चौघांच्या मांड्या भिजल्या. तिनं पायानं मला बाहेर ओढलं.

गुत्तेवाला धावत आला. "याची भरपाई कोण देणार?"

"माझ्या भावाची कोण देणार?" ताई म्हणाली. "तू सांग, मग मी सांगते."

मित्रांनो, माझ्या अख्ख्या आयुष्यात मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

इथे गोष्ट संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण माझा गंज घासून गुण्या त्या सुतारखान्यात कामाला लागला, आणि काही महिने चांगले गेल्यावर एका सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सोबत्यांनी आग्रह केला, "एकानं काय होतं?" आणि गुण्या पुन्हा घसरला. सकाळी तो सुतारखान्याच्या फाटकाबाहेर मातीत पडलेला होता. मालक आला. मला वाटलं, आता दाखवणार हाही रस्ता. मालकानं कुलूप काढलं, वळला आणि म्हणाला, "आत ये. आज हत्याराला हात लावायचा नाही. भुसा झाड. उद्या कामाला बस. आणि तुम्ही बाकीचे, परत याला कुणी आग्रह केला, तर त्याला मी रस्ता दाखवीन." गुण्या भुसा झाडू लागला. झाडता झाडता रडला. कुणी बघितलं नाही, कारण मालकानं सगळ्यांना पाठ फिरवायला लावली होती.

त्यानंतरही तो एकदा घसरला. पुन्हा आला. सध्या तो पीत नाही. सुतारखान्याच्या माळ्यावर त्याला झोपायला जागा आहे.

परवा फाटकाशी एक तरुण मुलगी उभी होती. गुण्यानं हात थांबवला. ती आत आली नाही. "आई म्हणाली, बघून ये," ती म्हणाली.

"बघितलंस?"

"हो."

"काय सांगशील?"

ती जरा वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. "काम करत होते, असं सांगेन." आणि गेली. गुण्या पुन्हा मला फिरवू लागला. फळी आधीच गुळगुळीत झाली होती, तरी फिरवत राहिला.

मित्रांनो, शेवटी एकच सांगतो, आणि रागानंच सांगतो. रंध्याची धार कामानं जाते. गेली की सुतार पातं काढतो, दगडावर पाणी टाकतो आणि घासतो. पुन्हा गेली, पुन्हा घासतो. "किती वेळा धार लावायची रे तुला?" असं कुठलाही सुतार रंध्याला म्हणत नाही. लोखंडाच्या पट्टीसाठी तुमच्याकडे एवढा धीर आहे. मग माणूस दुसऱ्यांदा पडला, की तुमचा धीर कुठे जातो?