पिवळ्या गाडीची अखंड ज्योत

“हात नोका लावू कोणी! पहिले देवीची माफी मागू द्या मले,” प्रेमलताबाई गाडीसमोर हात जोडून म्हणाल्या.

गाडी पिवळी होती, दोनच माणसांची होती आणि उंचीला जेवणाच्या टेबलापेक्षा थोडी जास्त होती. संत्र्याचे व्यापारी गोपाळराव यांच्या मुलानं, मोहितनं, ती हौसेनं घेतली आणि आठच दिवसांत कामासाठी बंगळुरूला गेला. जाताना बजावून गेला, की गाडीत दिवा नाही, उदबत्ती नाही आणि कापूर तर अजिबात नाही. नवरात्र बसलं, तेव्हा आईनं, म्हणजे प्रेमलताबाईंनी, मुलाचा शब्द पाळला. देव्हाऱ्यात तुपाची अखंड ज्योत लावली आणि गाडीला गाडीचेच पार्किंगचे दिवे लावून दिले. नऊ दिवस ते विझू द्यायचे नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी विझले.

“अपशकुन झाला,” बाई म्हणाल्या.

“बॅटरी उतरली, वहिनी,” रुपराव म्हणाले.

फाटकाशी जमलेल्या पंचवीस शेजाऱ्यांचं मत बाईंच्या बाजूनं होतं.

रुपरावांचं शहराबाहेर हायवेवर, वाडीला, ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान. गोपाळरावांचे ट्रक तिथेच थांबायचे, म्हणून त्यांनी रुपरावांना बॅटरीसकट टेम्पोत घालून आणलं होतं.

“मजुरी नको, शेठ,” रुपराव गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले. “चक्कर पायजे.”

हा त्यांचा एकतीस वर्षांचा नियम होता. काम झालं, की गाडीची एक चक्कर स्वतः मारायची. ही चक्कर नेहमी दुकानामागच्या त्यांच्या खोलीवरून जायची, कारण तिथे त्यांची बायको गोपिका पदर खोचून तयार असायची. ट्रक, ट्रॅक्टर, टँकर, रोड रोलर, सगळ्यात ती बसली. एकदा शववाहिकेतही बसली. पुढच्या सीटवर, हे रुपराव आवर्जून सांगत.

“एखांद्या दिवशी लहान कारमदे बसवा न,” ती म्हणायची. “जिच्यात चढाले शिडी नाही लागत.”

वाडीत तशी गाडी त्यांच्याकडे कधी आली नाही. गेल्या पोळ्याला गोपिका गेली. आणि आता ही गाडी समोर उभी होती. हिच्यात चढायचं नव्हतंच, उतरायचं होतं.

“चक्कर? अन् घासली तं?” गोपाळराव घाबरले. “मोहित मले घरात नाही घेणार!”

“मंग कंपनीचा माणूस बोलवा.”

“तो चार दिवसानं येऊन राहिला.”

“चार दिवस देवी अंधारात?” बाई कडाडल्या. “देऊन टाका त्याईले चक्कर!”

काम सुरू झालं. या गाडीची बॅटरी पुढच्या डिक्कीत होती आणि डिक्की फक्त विजेवर उघडत होती.

“म्हंजे तिजोरीची चावी तिजोरीतच,” रुपराव म्हणाले. “बनवणारा कोण शहाणा हाय गा?”

“माहा संत्र्याचा क्रेट बी आत आहे,” गोपाळराव हळूच म्हणाले.

रुपराव स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवे झाले. त्यांचे पाय बाहेर अंगणात राहिले. “बनवणाराबी कधी फसला असनच. त्यानं सोतासाठी काही तं रस्ता ठेवला असन,” पाय म्हणाले. दहा मिनिटांनी फ्यूजच्या डब्यात त्यांना बोटाएवढी लाल पट्टी सापडली. तिच्यावर अधिकचं चिन्ह होतं.

“दोन बॅटऱ्या जोडा न, ट्रकासारख्या!” गोपाळरावांना चेव आला.

“दोन लावल्या तं ज्योत नाही, होळी पेटन.”

लाल वायर पट्टीला, काळी दाराच्या उघड्या लोखंडाला. खट्. डिक्की उघडली आणि संत्र्यांचा वास आला. फाटकाशी टाळ्या पडल्या. मग वायरी खऱ्या बॅटरीला लागल्या, रुपरावांनी बटण दाबलं आणि गाडी अशी गरजली, की शेजारच्या मुकुंदरावांचा पोपट त्या दिवशी पुन्हा बोलला नाही. दिवे लागले. बाईंनी घंटा वाजवली, गल्लीनं थेट आरतीच धरली. गोपाळराव टाळ्या वाजवता वाजवता रडत होते आणि ते घाम पुसताहेत असं सगळ्यांना सांगत होते.

“जा, मारा चक्कर! पण अर्ध्या तासात या.”

“अर्धा तास तं चार्जिंगलेच लागते, शेठ. ही बॅटरीबी दुकानात टाकून येतो.”

डिक्कीत क्रेट होता. म्हणून रुपरावांनी आणलेली ट्रकची बॅटरी बाजूच्या सीटवर, बारदाना अंथरून, अलगद ठेवली. दार लावलं. गाडी टिंग टिंग करू लागली.

“आता काय झालं? देवी?” बाईंनी विचारलं.

“बाजूले कोणी बसलं असं वाटून राहिलं गाडीले,” गोपाळराव खिडकीत वाकून म्हणाले. “पट्टा मागते ते. थांबा रुपराव, क्रेट काढतो, बॅटरी डिक्कीत ठेवू.”

“राहू द्या, शेठ.”

रुपराव बाजूला झुकले. पट्टा ओढून त्यांनी बॅटरीवरून नीट घेतला, कुठे पीळ पडला नाही ना ते पाहिलं आणि खाचेत बसवला. टिंग टिंग थांबलं.

“सरकू नोको वं,” ते हळूच म्हणाले आणि गाडी वाडीकडे वळवली.