पश्चात्तापाची दहा मिनिटं

माझी धाकटी जाऊ ब्युटी पार्लर चालवते आणि मी आमच्या चर्चचा प्रार्थना विभाग. तिच्याकडे बायका केस रंगवायला जातात, माझ्याकडे देवाशी कसं बोलावं ते शिकायला येतात. येत होत्या, असं म्हणायला हवं.

आमच्या चर्चमध्ये कोणी मनाला येईल तशी प्रार्थना करत नाही. रविवारी जो प्रार्थना करणार त्याने ती बुधवारपर्यंत लिहून माझ्याकडे द्यायची. मी ती तपासते, पाल्हाळ कापते, शास्त्रातलं वचन चुकलं असेल तर नीट करते. पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावर, एक छोटा दिवा बसवलाय. वेळ संपत आली की पिवळा होतो, संपली की लाल. हल्लीची पोरं त्या दिव्याला हसतात. पण पूर्वी एकेक वडीलधारे प्रार्थनेला उभे राहिले की आदामापासून सुरुवात करायचे आणि मुलं बाकांवर आडवी व्हायची, ते कोणाला आठवत नाही. दिवा आला तशी शिस्त आली. पुढे माणसं यायची कमी झाली, पण त्यात दिव्याचा काय दोष?

धाकटीचं पार्लर सोमवारी बंद असतं. बंद म्हणजे शटर अर्धं खाली. आत बायका जमतात आणि प्रार्थना करतात. हे सुरू कसं झालं तेही ऐका. एक गिऱ्हाईक डोक्याला रंग लावून बसली होती, तिला एकाएकी रडू कोसळलं. आमच्या धाकटीने हातमोजेसुद्धा न काढता तिचे हात धरले आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. ती बाई पुढच्या आठवड्यात बहिणीला घेऊन आली, बहिणीने शेजारणीला आणलं. आता खुर्च्या पुरत नाहीत, बायका केस धुवायच्या बेसिनला टेकून उभ्या असतात.

बरं, हिला शास्त्राचा गंध नाही. एकदा माझ्यादेखत तिने योनाला सिंहांच्या गुहेत टाकलं. मी म्हटलं, "अगं, तो दानीएल. योनाला माशाने गिळलं होतं." तर ही हसत सुटली. म्हणाली, "बाहेर काढलं ना देवाने त्याला, वहिनी? मग झालं तर." रविवारी चर्चला उशिरा येते, नखं लालभडक, आणि मागच्या बाकावर बसते. अशा बाईकडे लोक का जातात हे मी पुष्कळांना विचारलं. कोणालाच धड सांगता आलं नाही. "बरं वाटतं," एवढंच म्हणतात.

मला हेवा वाटत होता. उगाच लपवत नाही. लोक म्हणतात हेव्याने पोटात दुखतं. माझं पोट ठणठणीत होतं, घास मात्र गिळवत नव्हता.

तरी बायकांचं मी सोडून दिलं असतं. माझी लेक तिकडे जायला लागली तेव्हा माझं डोकं फिरलं.

लेक नोकरीला लागल्यापासून चर्चला यायची बंद झाली होती. आधी सर्दी, मग डोकेदुखी, मग ऑफिसचं काम, आणि शेवटी तर तिने कारणं द्यायचेही कष्ट घेतले नाहीत. मी समजावलं, रागावले, अबोला धरला. तिच्या उशाशी वचनांचं कॅलेंडर ठेवलं. तिने एका शब्दाने विरोध केला नाही आणि एकदाही आली नाही. मी चर्चमध्ये सांगत असे, तिला रविवारीही काम असतं.

एका सोमवारी भाऊजी आमच्याकडे स्कूटरची किल्ली विसरून गेले होते. ती द्यायला मी पार्लरवर गेले. शटरखालून वाकून आत पाहिलं तर केसांच्या फवाऱ्याचा आणि मेणाचा वास, आरशांसमोर डोळे मिटून बसलेल्या बायका, आणि खाली फरशीवर माझी लेक. धाकटीच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडत होती. माझ्या लेकीच्या डोक्याला मी हात लावला की ती म्हणते, "आई, केस विसकटतात." धाकटी तिच्या त्याच केसांतून लाल नखांची बोटं फिरवत होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली काउंटरवर ठेवून मी आवाज न करता परत आले.

घरी येऊन यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "कुठेतरी जातेय ना? जाऊ दे की. पिकतं तिथे विकत नाही गं." तो आठवडा मी यांच्याशी कामापुरतंच बोलले.

त्याच सुमारास चर्चच्या पाळकसाहेबांनी कमिटीची बैठक बोलावली. रिकाम्या बाकांनी ते खचले होते. एरवी हसतमुख माणूस, त्या दिवशी टेबलाकडे बघत म्हणाले, "आपली मंडळी झोपलीय. तिला जागं करायला हवं. मलाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मग कमिटीने संजीवन सभा घ्यायचं ठरवलं आणि उरलेला वेळ बॅनर कुठे लावायचा आणि चहाबरोबर काय द्यायचं यात गेला. पाळकसाहेबांचं ते "मलाही" कोणी उचललं नाही. मीही नाही.

सभेची आखणी माझ्याकडे आली. गीतं, साक्ष, उपदेश, आणि शेवटी पश्चात्ताप, दहा मिनिटं. लोकांनी पुढे यायचं, गुडघे टेकायचे. आता पहिल्यांदा कोणी पुढे येत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. समारंभात जेवायला पहिलं कोणी उठत नाही, मग यजमान आपल्याच मेहुण्याला उठवतो, तसलंच हे. म्हणून मी दोघी जणी ठरवून ठेवल्या. एक खजिनदारांची बायको आणि दुसरी गायनवृंदातली एक. शेवटच्या गीताचं दुसरं कडवं सुरू झालं की उठायचं, सावकाश पुढे यायचं, डोळ्यांना रुमाल लावायचा. एकदा दोघी आल्या की बाकीचे येतात. यात लबाडी आहे असं मला त्या वेळी वाटलं नाही.

मग पाळकसाहेब म्हणाले, "शेवटची प्रार्थना तुमच्या धाकट्या जाऊबाईंना सांगू या का? त्यांच्याकडे हल्ली बरीच माणसं जातात म्हणे."

"सांगू या की," मी म्हटलं. तोंड इतकं गोड केलं की दात शिवशिवले.

पार्लरवर गेले तेव्हा ती कोणाच्या तरी भुवया कोरत होती. दोरा दातांत धरलेला. माझं ऐकून तिने दोरा सोडला आणि म्हणाली, "नको हो वहिनी. स्टेजवर माझे पाय लटपटतात. मी आपली मागे बसेन माझ्या बायकांना घेऊन. तुम्हीच करा, तुम्हाला छान जमतं."

जे तिला मिळू नये म्हणून मी मनातल्या मनात जळत होते, ते तिने भुवया कोरता कोरता नको म्हणून टाकलं. मला आणखीच राग आला. तिने हो म्हटलं असतं तर निदान भांडायला काहीतरी हातात राहिलं असतं.

सभेच्या संध्याकाळी चर्च भरलं. किती तरी दिवसांनी मागच्या दारापाशी जास्तीच्या खुर्च्या टाकाव्या लागल्या. त्या खुर्च्यांवर कोण होतं ते मी स्टेजवरून बघत होते. सगळ्या पार्लरच्या बायका. मधोमध धाकटी, आणि तिच्या शेजारी माझी लेक, ऑफिसच्या कपड्यांतच. माझ्या सांगण्यावरून कधी आली नाही ती काकूबरोबर आली होती.

गीतं झाली, उपदेश झाला. पाळकसाहेब त्या दिवशी बरे बोलले, पण माझं लक्ष नव्हतं. मग दिवे मंद केले, कीबोर्डवाल्याने सूर धरला आणि मी माईक हातात घेऊन पुढे आले. "ज्यांना प्रभू बोलावतो आहे त्यांनी पुढे यावं," मी म्हटलं.

दुसरं कडवं आलं. खजिनदारांची बायको उठली नाही. दुसरी तिच्याकडे बघत बसली, ती उठली की हिने उठायचं होतं. मी डोळ्यांनी खुणावलं. खजिनदारांच्या बायकोने मान खाली घातली. तिसरं कडवंही निघून गेलं. इतक्यात मागच्या बाजूने कोणीतरी उठलं.

माझी लेक होती. मधल्या वाटेने ती एकटीच चालत आली. नाक लाल झालेलं, हातात रुमालही नाही. स्टेजच्या खाली माझ्यासमोर येऊन ती उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या कोणा आईच्या मनात काय आलं असतं मला माहीत नाही. माझ्या मनात आलं, हिला धाकटीने पाठवलंय. स्वतः स्टेज नको म्हणाली आणि माझ्याच पोरीला पुढे केलं, सगळ्या मंडळीला दाखवायला की ही आता कोणाची आहे ते. मी स्वतः दोघींना पाठवायचं ठरवलं होतं, तेव्हा मला दुसरं काय सुचणार? मी वाकले आणि हळूच विचारलं, "काकूने पाठवलं का तुला?"

माईक माझ्या हनुवटीपाशीच होता. माझा प्रश्न शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

कीबोर्डवाल्याचे हात थांबले. लेक म्हणाली, "मला कोणी पाठवलं नाही, आई." तिच्याकडे माईक नव्हता, तरी ते सगळ्यांना ऐकू आलं. आणि ती बाजूच्या दाराने बाहेर निघून गेली.

तेवढ्यात खजिनदारांची बायको उठली. मी मनात म्हटलं, आता उठून काय उपयोग. ती सरळ माझ्यापर्यंत आली आणि तिने माझ्या हातातला माईक काढून घेतला.

"मला पाठवलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या कडव्याला येऊन रडायचं होतं. मी आले नाही, कारण मला रडू येत नाही. माझी आई गेली तेव्हाही आलं नाही. मी दर रविवारी इथे येते, गाते, आणि मला आत काही म्हणजे काहीच वाटत नाही. हे कोणाला सांगायचं ते मला कळत नव्हतं."

तिला कोणी खाली बसवलं नाही. खजिनदार उठून तिच्याजवळ आले आणि नुसते उभे राहिले. कीबोर्डवाला म्हणाला, "माझंही तसंच आहे." मग पाळकसाहेब पुलपिटावरून उतरले, अंगातल्या झग्यासकट पायरीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लोक बाकांवरून उठू लागले. पुढे कोणी आलं नाही, जो तो आपल्या शेजारच्याकडे वळला. ज्या दोन भावांनी वाटणीवरून वर्षानुवर्षं तोंड पाहिलं नव्हतं, त्यांतला एक दुसऱ्याच्या बाकापाशी जाऊन उभा होता. कोणी मोठ्याने प्रार्थना करत होतं, कोणी नुसतं रडत होतं, आणि वेळ कोणीच बघत नव्हतं.

ज्यासाठी आम्ही एवढ्या बैठका घेतल्या ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं आणि त्यात माझं काही नव्हतं. मला खजिनदारांच्या बायकोचाही हेवा वाटला. निदान तिला सांगता तरी आलं. धाकटी मागे डोळे मिटून बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं असतं, विजयाने एकदा हसली असती, तर मी तिथेच थांबले असते. ती बघत नव्हती. मी बाजूच्या दाराने बाहेर पडले.

लेक बाहेरच्या पायऱ्यांवर बसली होती, गाड्या लावतात तिकडे तोंड करून. मी तिच्या मागे उभी राहिले.

"मला वाटलं..." मी म्हटलं.

"कळलं मला काय वाटलं ते."

"काकूच्या मांडीवर डोकं ठेवून रडतेस. मी बघितलं. माझ्याशी का नाही बोलत तू?"

ती रागाने नाही, दमून म्हणाली, "तू तपासतेस, आई. मी काहीही बोलायला लागले की तू तपासायला लागतेस."

आतून मोठमोठ्याने प्रार्थनांचा आवाज येत होता, एकाच वेळी सगळ्यांच्या. एरवी मी आत जाऊन एकेकाला थांबवलं असतं.

"मग आज पुढे का आलीस?"

"माहीत नाही गं. कोणाकडे जायचंय ते मला नीट कळत नव्हतं. पुढे तू उभी होतीस, म्हणून आले."

मला जे करता येतं तेच करायला गेले. डोळे मिटले, हात जोडले आणि म्हटलं, "हे आमच्या दयाळू, कृपाळू स्वर्गीय पित्या..." इथपर्यंत सवयीने आलं. पुढे एक वचन आठवेना. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या प्रार्थना नीट केल्या आणि माझी स्वतःची अशी एक सापडेना.

"देवबापा," मी म्हटलं, "मला धाकटीचा हेवा वाटतो. फार वाटतो. माझं लेकरू तिच्याकडे जातं."

एवढंच आलं. लेक थांबली, आणखी काही येतंय का ते बघत. येईना, तेव्हा ती "आमेन" म्हणाली आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून पायरीवर जरा बाजूला सरकली.